शनिवार तेल्यांची गोष्ट

आमच्या भवानीनगरला कारखान्याजवळच्या टपरीवर सकाळी पेपर वाचणाऱ्यांची बैठक असते. इस्राएलची बातमी आली की कुणीतरी हमखास मला विचारतं, "काय कवी, हे ज्यू लोक म्हणजे नेमके कुठले हो?" मी मुसलमान, म्हणजे मला ठाऊक असणार, असा हिशेब असावा. मी म्हणतो, "अलिबागचे." लोक हसतात. मी मात्र विनोद करत नसतो.

१९९०च्या सुमारास मी बी.ए.साठी पुण्यात होतो आणि रास्ता पेठेत एका आजींच्या खोलीत राहत होतो. दारावरच्या पाटीवर गावाचं नाव आणि पुढे 'कर'. शुक्रवारी सांजेला दिवा लागायचा, शनिवारी चूल बंद. एकदा त्यांनी माझ्यापुढे ताटली सरकवली. भिजवलेले पोहे, ओलं खोबरं, साखर, वेलची, वर केळ्याच्या फोडी. म्हणाल्या, "मलिदा आहे, घे." मी चकितच झालो. आमच्याकडे उरसाला चपात्या कुस्करून गूळ-तूप घालतात, तो मलिदा. यांचा मलिदा एलिया संदेष्ट्यासाठी, नवस फेडताना किंवा लग्नकार्यात. आता एलिया म्हणजे आमचे इलियास पैगंबर. तसं सांगितल्यावर आजी म्हणाल्या, "मग तुझाच की रे तो!"

आजी बेने इस्राएल समाजातल्या. त्यांची परंपरा सांगते, की फार पूर्वी अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर एक जहाज फुटलं आणि त्यातून सात जोडपी वाचली. पोथ्या समुद्रात गेल्या. उरलं ते पाठांतर: शेमा नावाची प्रार्थना, मुलांची सुंता, शनिवारची सुट्टी, खवल्यांचाच मासा खाण्याचा नेम. कोकणात त्यांनी तेलाचे घाणे चालवले. शनिवारी घाणा बंद म्हणून गावकऱ्यांनी नाव ठेवलं 'शनिवार तेली'. किहीम, दिवे, झिराड, चेऊल, पेण या गावांवरून आडनावं पडली. सिनेमातले लाडके डेव्हिड, 'बूट पॉलिश'मधले जॉनचाचा, हे मूळचे चेऊलकर.

या समाजाचं एक वैशिष्ट्य मला नेहमी जाणवतं. तुम्ही कोण, हे त्यांना दर वेळी बाहेरचा कुणीतरी येऊन सांगत आला. आधी डेव्हिड राहाबी आले. गोष्ट अशी, की त्यांनी बायकांपुढे मिसळलेले मासे टाकले आणि त्यांनी बिनखवल्यांचे बाजूला काढले, तेव्हा त्यांची खात्री पटली. पुढे मिशनरी आले. जॉन विल्सन यांनी १८३२ मध्ये हिब्रूचं व्याकरण मराठीत छापलं. बेने इस्राएलांनी व्याकरण घेतलं, ख्रिस्ती मात्र फारसं कुणी झालं नाही. (हा हिशेबीपणा मला अस्सल कोकणी वाटतो!) त्याच काळात मुंबईत बगदादी ज्यू आले. त्यांना हे सावळे, मराठी बोलणारे भाऊबंद आपले वाटेनात. दफनभूमीत दोघांमध्ये भिंत घाला, अशी मागणी त्यांनी केली. पण मग हेही सांगायला हवं, की खुद्द बेने इस्राएलांतही 'गोरे' आणि 'काळे' असा भेद होता आणि काळ्यांशी सोयरीक होत नसे. जात आपल्या मातीत रुजली की कुणालाच सोडत नाही.

मुंबईतलं पहिलं सभास्थान १७९६ मध्ये सॅम्युएल दिवेकरांनी बांधलं. ते कंपनी सरकारच्या फौजेत होते आणि टिपू सुलतानच्या कैदेत सापडले होते. म्हणतात, की बनी इस्राईल हे नाव कुराणात आहे म्हणून टिपूच्या आईने रदबदली केली आणि दिवेकर सुटले. कथा खरी असो-नसो, मला आवडते. हे लोक आपल्या सभास्थानाला 'मशीदच' म्हणत. लोकलच्या मशीद स्टेशनचं नाव त्यावरूनच पडलं, असं सांगतात.

१९४८ मध्ये इस्राएल झालं आणि लोक जाऊ लागले. इथे कुणी छळलं म्हणून नव्हे. धर्म होता, नोकऱ्या होत्या, आधी गेलेले नातलग होते. १९५१ मध्ये देशात सगळे मिळून २६ हजारांच्या आसपास ज्यू होते. २०११च्या जनगणनेत पाच हजारही भरले नाहीत. त्यांतले निम्म्याहून अधिक महाराष्ट्रातले. २०१६ मध्ये राज्य सरकारने त्यांना अल्पसंख्याकांचा दर्जा दिला. माझगावच्या एली कदुरी शाळेचं मूळ बेने इस्राएलांच्या १८७५च्या शाळेत आहे. पुढे तिथले बहुतेक विद्यार्थी मुसलमान झाले.

तिकडे गेलेल्यांचं काय झालं? १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला तिथल्या धर्मपीठाने फर्मान काढलं, की बेने इस्राएलांशी लग्न लावताना त्यांच्या आईच्या, आजीच्या कुळाची चौकशी करावी. दोन हजार वर्षं शनिवार पाळला, तो कुणाच्या हिशेबात नव्हता. १९६४च्या उन्हाळ्यात या मराठी माणसांनी जेरुसलेममध्ये ठिय्या दिला. अखेर संसदेने त्यांच्या बाजूने ठराव केला आणि धर्मपीठाला फर्मान मागे घ्यावं लागलं. प्रश्न तिथे अजून संपलेला नाही. आजोबा-आजींपैकी एक ज्यू असला तरी तिथला कायदा माणसाला नागरिकत्व देतो, पण लग्न लावताना धर्मपीठ आईचंच मूळ विचारतं. रशियाकडून आलेले कितीतरी लोक या दोन मापांमध्ये अडकले.

मला हा ठिय्या फार जवळचा वाटतो. कविसंमेलनात आजही कौतुकाने सांगणारे भेटतात, "तुम्ही मराठी किती छान बोलता हो!" माझ्या आईने मला दुसऱ्या कुठल्या भाषेत रागावलेलं नाही. पण त्या भल्या माणसाला काय सांगणार? मी "आभारी आहे" म्हणतो.

आजी १९९० नंतर काही वर्षांनी मुलाकडे अश्दोदला गेल्या. त्यांची पत्रं यायची, मोडी वळणाच्या मराठीत. इथे मी मराठी ज्यू होते, तिथे मला सगळे 'हिंदी' म्हणतात, असं त्यांनी एकदा लिहिलं. नोव्हेंबर २००८ मध्ये मुंबईत नरिमन हाऊसवर हल्ला झाला. मारणारे माझ्या धर्माचं नाव घेत होते. कित्येक दिवस मला आजींना पत्र लिहायचा धीर झाला नाही. त्यांचंच आलं, मी बरा आहे ना, हे विचारणारं.

आजी आता नाहीत. गेल्या वर्षी त्यांच्या नातवाचा फोन आला. पत्ता आजींच्या वहीत सापडला होता. मोडक्या इंग्रजीत त्याने विचारलं, की आमच्या आडनावातल्या 'कर'चा अर्थ काय? मी सांगितलं, त्या गावचा. तो म्हणाला, गाव अजून आहे? मी म्हटलं, आहे तर. पनवेलहून अलिबागची एस.टी. धर, आणि यायचं ठरलं की कळव, मी बारामतीहून निघतो.