डब्यातून परत गेलेलं झाड

न्यू जर्सीतल्या भाड्याच्या घरामागे एक डॉगवूड आहे. ऑक्टोबरात पानं लालभडक. शनिवारी चहा घेऊन मी खिडकीत बसतो तो त्याच्यासाठीच. घरमालक म्हणाले, "फांद्या वाळताहेत, तोडून टाकू." पोटात गोळाच आला. मग जरा शोधाशोध केली.

तर मंडळी, १९१० साली टोकियोहून वॉशिंग्टनला चेरीची २,००० झाडं आली. कीड निघाली, सगळी जाळावी लागली! पण महापौर युकिओ ओझाकी रुसले नाहीत. १९१२ मध्ये ३,०२० झाडं परत पाठवली. आता डबा रिकामा कसा द्यायचा? १९१५ मध्ये अमेरिकेने डॉगवूड पाठवली. पुढे युद्ध. डिसेंबर १९४१ मध्ये वॉशिंग्टनमध्ये कुणीतरी चार चेरी कापल्या. टोकियोत मात्र १९१५ च्या खेपेतलं एक डॉगवूड बागकाम शिकवणाऱ्या एका शाळेत तगलं, शंभरी गाठेपर्यंत.

आमच्या झाडाला बहुधा १९७० च्या दशकात इकडे दिसू लागलेली ती बुरशी लागलीय. वाळक्या फांद्या छाटल्या, खाली पडलेली पानं गोळा करून कचऱ्यात टाकली. घरमालकांकडून मे महिन्यापर्यंत मुदत मिळालीय.