फावडं चर्चचं, हिशेब सरकारचा

ह्यूस्टनला असलेला माझा शाळेतला मित्र दिवाळीत गावी आला होता. बोलता बोलता २००७ सालचा विषय निघाला. त्याच्या ऑफिसातला एक जण चर्चच्या लोकांबरोबर न्यू ऑर्लिन्सला पूरग्रस्तांची घरं उभी करायला निघाला होता. आमचा मित्र माळकरी घरातला, पण तोही गेला. तिथं धर्म कुणी विचारला नाही. हातात पहार दिली, तोंडाला मास्क, पायात गमबूट. रात्री चर्चच्या हॉलमध्ये खाटेवर झोपायचं.

"बांधायला म्हणून गेलो रे, आणि आठवडाभर नुसतं तोडत होतो," तो म्हणाला.

हे तोडणं समजून घेण्यासारखं आहे.

२९ ऑगस्ट २००५ ला कतरिना वादळ किनाऱ्याला धडकलं. न्यू ऑर्लिन्स बुडालं ते मात्र कालव्यांच्या पूरभिंती फुटल्यामुळे. शहराचा सुमारे ८० टक्के भाग पाण्याखाली गेला आणि कित्येक वस्त्यांत पाणी काही आठवडे हललं नाही. तिथली बहुतेक घरं लाकडी सांगाड्याची. आतल्या भिंती जिप्समच्या किंवा गिलाव्याच्या. पाणी ओसरलं तरी त्या ओल धरून बसतात आणि बुरशी थेट छतापर्यंत चढते. घर वाचवायचं तर आतलं सगळं उचकटून रस्त्यावर टाकायचं आणि लाकूड सुकवायचं. त्यात २००६ मध्ये शहरानं नियम केला की वर्षश्राद्धाच्या तारखेपर्यंत घर साफ करा, नाहीतर पाडापाडीची टांगती तलवार. आणि घरमालक तर परराज्यात विखुरलेले!

या फटीत चर्चची माणसं उतरली. मेथडिस्ट, बाप्टिस्ट, कॅथलिक, सगळे. यातली मेनोनाइट पंथाची संघटना मला फार रोचक वाटते. हे लोक युद्धाला धर्मतः नकार देणारे. दुसऱ्या महायुद्धात त्यांच्यातल्या हजारो तरुणांनी बंदूक न घेता पर्यायी नागरी सेवा केली. पुढे १९५० मध्ये कॅन्ससमधल्या हेस्टन गावी तरुण जोडप्यांच्या एका सहलीत ठरलं की शेजाऱ्यावर संकट आलं तर आपण हात द्यायचा. त्यातून त्यांची आपत्ती सेवा उभी राहिली. त्यांच्यात सुतारकाम जाणणारे शेतकरी बरेच. या लोकांच्या कामाला नावं ठेवायला जागा नाही. घामाचं काम आहे ते, फोटोपुरतं नाही.

पण गोष्ट इथं संपत नाही.

घर बांधायला पैसा लागतो. तो देण्यासाठी लुइझियाना राज्यानं केंद्राच्या निधीतून 'रोड होम' नावाची योजना आणली. कमाल मदत दीड लाख डॉलर. मेख सूत्रात होती. घराची वादळाआधीची बाजारकिंमत आणि बांधणीचा खर्च, यातली कमी असेल ती रक्कम धरायची आणि विम्याचे पैसे वजा करायचे. ऐकायला बिनचूक वाटतं. पण समजा दोन सारखीच घरं आहेत, एक गोऱ्या वस्तीत, एक काळ्या वस्तीत. लाकूड, खिळे, मजुरी दोघांना त्याच भावानं. बाजारकिंमत मात्र काळ्या वस्तीत कमी, कारण पिढ्यान्‌पिढ्या तिथं भावच मिळू दिला नाही. म्हणजे मदतही कमी. जुना अन्याय सरकारी सूत्रात जसाच्या तसा उतरला. २००८ मध्ये काळे घरमालक कोर्टात गेले. २०११ मध्ये तडजोड झाली, सुमारे ६ कोटी २० लाख डॉलरची. तोवर वादळाला सहा वर्षं होत आली होती.

स्वयंसेवकांची फुकटची मजुरी हीच तूट थोडीफार भरून काढत होती. किती भरणार? २००० च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या ४,८४,६७४ होती, २०१० मध्ये ३,४३,८२९.

हे ऐकताना मला आमच्याकडचं किल्लारी आठवलं. ३० सप्टेंबर १९९३. मी तेव्हा शाळेत होतो. देशभरातून ट्रक आले, कपडे आले, संस्था आल्या, आणि त्यांनी खरंच काम केलं. पण नव्या गावात कुणाला केवढं घर, हे ठरलं जमिनीवरून. भूमिहीनाला आणि अगदी लहान शेतकऱ्याला २५० चौरस फूट, मोठ्या शेतकऱ्याला ७५०. भूकंपानं सगळ्यांना एका रात्रीत उघड्यावर आणलं होतं. सरकारी कागदानं पुन्हा ज्याला त्याला आपापल्या पायरीवर बसवलं.

मित्राला विचारलं, ज्या म्हातारीचं घर तुम्ही साफ केलंत, ती परत आली का?

"माहीत नाही रे. सांगाडा चकाचक करून दिला होता आम्ही. तिला हवा असलेला एक फोटो पण सापडला होता. पुढचं काही कळलं नाही."

म्हणून एक सांगणं. पुढच्या पुरात किट घेऊन जाल, जरूर जा. चिखल उपसा. पण निघताना त्या घरातल्या माणसाला विचारा, पंचनामा झाला का, त्यात काय लिहिलंय, उतारा कुणाच्या नावावर आहे. वाचता येत नसेल तर वाचून दाखवा. चुकलं असेल तर तहसीलला अर्ज लिहून द्या. चिखल दोन दिवसांत निघतो. चुकीचा पंचनामा वर्षानुवर्षं निघत नाही.