पेटी, फुली आणि बटण

निवडणूक जवळ आली की गावच्या पारावर एक प्रश्न हमखास निघतो : "यंदा मत कुणाला?" त्याचे उत्तर ज्याचे त्याने शोधावे. आज आपल्याला दुसरा, अधिक साधा प्रश्न घ्यायचा आहे. मत द्यायचे कसे? हा प्रश्न साधा वाटतो, पण आपल्या मराठवाड्याने त्याचे उत्तर तीनदा नव्याने शिकले आहे.

सप्टेंबर १९४८ पर्यंत औरंगाबाद, परभणी, नांदेड, बीड आणि उस्मानाबाद हे पाच जिल्हे निजामाच्या राज्यात होते. कित्येक गावांवर जहागीरदारांचा अंमल चाले. आपले राज्यकर्ते आपण निवडावे, ही गोष्ट शेतकऱ्याच्या ध्यानीमनीही नव्हती. १७ सप्टेंबर १९४८ रोजी ते राज्य संपले, १९४९ साली जहागिऱ्या गेल्या, आणि १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत त्याच शेतकऱ्याच्या हाती मतपत्रिका आली. जहागीरदाराला एक मत आणि त्याच्या सालगड्यालाही एकच मत. तीन-साडेतीन वर्षांत केवढा हा पालट !

त्या वेळी देशात सुमारे १७ कोटी मतदार होते. त्यांतल्या बहुतेकांना अक्षरओळख नव्हती. मग मतपत्रिका वाचायची कुणी? पहिले मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांच्या आयोगाने तोडगा काढला. प्रत्येक उमेदवाराची पेटी निराळी, आणि पेटीवर त्याचे चिन्ह. कुणाची बैलजोडी, कुणाचे झाड, कुणाची झोपडी, कुणाचा हत्ती. मतपत्रिका होती रुपयाच्या नोटेएवढी. तिच्यावर खूण करायची नव्हती. पडद्याआड जायचे, चिन्ह पाहायचे, त्या पेटीत कागद टाकायचा आणि बाहेर यायचे. या कामी लाखो लोखंडी पेट्या लागल्या. त्यांतल्या बऱ्याचशा मुंबईजवळ विक्रोळीच्या कारखान्यात तयार झाल्या.

ही रीत सोपी खरी, पण तिच्यात एक भोक होते. मतपत्रिका कोरी असे. एखाद्याने ती पेटीत न टाकता खिशात घालून बाहेर आणली, तर ती दुसऱ्याला विकता येई. कुणी गोंधळून कागद पेटीच्या झाकणावरच ठेवून येई. काही मतदारसंघांतून तर दोन प्रतिनिधी निवडायचे असत. तिथे मतदाराला दोन कागद मिळत आणि दोन्ही एकाच पेटीत टाकायचे नसत. एवढे सारे समजावून सांगण्याचे काम पुष्कळदा गावच्या शिक्षकाकडेच येई.

याहून मोठी एक चूक मात्र मतदानाच्या आधीच झाली होती, आणि आयाबहिणींनी ती आवर्जून ऐकावी. यादी करणारा दारात आला की कित्येक बायका आपले नाव सांगत ना. "अमक्याची आई", "तमक्याची बायको" एवढेच सांगत. अशा नोंदी चालणार नाहीत, असे आयोगाने ठरवले. नाव न मिळाल्यामुळे सुमारे २८ लाख स्त्रियांची नोंद यादीतून गळली. हे प्रामुख्याने उत्तर भारतात घडले. पण नवऱ्याचे नाव उखाण्यातच घेणाऱ्या आपल्या मुलखाला त्यातली अडचण समजावून सांगायला नको. नाव नाही, म्हणजे मत नाही. पुढच्या निवडणुकीपर्यंत त्यातल्या पुष्कळजणींनी आपली नावे सांगितली. लोकशाहीचा पहिला धडा म्हणजे स्वतःचे नाव मोठ्याने सांगणे, असे म्हटले तरी चालेल.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला. १९५७ च्या निवडणुकीत औरंगाबादहून स्वामी रामानंद तीर्थ लोकसभेवर गेले. १९६० साली महाराष्ट्र झाला. पाठोपाठ १९६२ च्या निवडणुकीत मतदानाची रीतही पालटली. आता पेटी सगळ्यांची एकच. मतपत्रिकेवर सगळ्या उमेदवारांची नावे व चिन्हे छापलेली. मतदाराने आपल्या पसंतीच्या चिन्हावर फुलीचा शिक्का मारायचा, घडी घालायची आणि कागद पेटीत टाकायचा. पेट्यांचा पसारा कमी झाला, पण मतदाराचे काम वाढले. दोन चिन्हांच्या मधोमध शिक्का पडला तर मत बाद. घडी चुकली तर ओली शाई पलीकडच्या चिन्हावर उमटे. म्हणून पुढे शिक्क्याचा आकारच असा केला, की उलटा ठसा ओळखू यावा. आजही म्हातारी माणसे "शिक्का मारून आलो" म्हणतात, ते तेव्हापासून.

तिसरा धडा यंत्राचा. १९८२ साली केरळातल्या परवूर येथे ते पहिल्यांदा वापरले गेले. २००४ च्या लोकसभेला देशभर सगळीकडे तेच होते. दरम्यान १९८९ पासून मतदाराचे वय २१ वरून १८ झाले. आज विधानसभेला किंवा लोकसभेला बटण दाबल्यावर शेजारच्या काचेत सात सेकंद चिठ्ठी दिसते. ती पाहूनच बाहेर यावे. जिल्हा परिषदेच्या वेळी मात्र ध्यानात ठेवा : मते दोन द्यायची असतात, एक जिल्हा परिषदेला आणि एक पंचायत समितीला. एकच बटण दाबून माघारी फिरू नका.

आणखी दोन-तीन गोष्टी. नाव यादीत आहे की नाही, हे मतदानाच्या दिवशी नव्हे, आधीच पाहावे. नसेल तर नमुना ६ भरून द्यावा. आपल्या नावावर आधीच कुणी मत देऊन गेला असेल, तर भांडून परत येऊ नये. केंद्राध्यक्षाला आपली ओळख पटवून 'प्रदत्त मत' मागावे. तो आपला हक्क आहे. दृष्टी अधू असलेल्या मतदाराला सोबती नेता येतो.

औरंगाबादचे २०२३ साली छत्रपती संभाजीनगर झाले. पेटी गेली, फुली गेली, बटण आले. उद्या आणखी काही येईल. पण १९५२ चा तो पडदा अजून तिथेच आहे. त्याच्याआड पाटील नाही, सावकार नाही, नवरा नाही, मुलगाही नाही. तिथे आपण एकटे असतो. हे आपल्या घरी, आपल्या वर्गात मुलांना जरूर सांगा. बटण कसे दाबायचे ते मूल एका मिनिटात शिकते. पडदा कशासाठी, ते समजायला मात्र आपल्या आजोबांची गोष्ट ऐकावी लागते.