धारवाडचा अर्ज

इ. स. १८५६ च्या जून महिन्यांत धारवाडच्या एका महार मुलानें मुंबई सरकारकडे अर्ज केला. तेथील सरकारी शाळेंत आपणांस घेत नाहींत, तर घेण्याचा हुकूम व्हावा, एवढेंच त्याचें मागणें होतें. धारवाड तेव्हां मुंबई इलाख्यांत मोडत असे. आणि रयतेपर्यंत विद्या पोंचविण्याची भाषा करणारा वुड साहेबांचा खलिता विलायतेहून येऊन पुरतीं दोन वर्षेंहि झालीं नव्हतीं.

सरकारचें उत्तर आमच्या मतें आजहि लक्षपूर्वक वाचण्यासारखें आहे. तत्त्वतः न्याय अर्जदाराच्या बाजूस आहे, हें त्यांत स्वच्छ कबूल केलेलें आहे. परंतु एकट्यादुकट्यासाठीं शतकानुशतकांचे ग्रह एकदम मोडूं गेल्यास शिक्षणाच्या कार्याचीच मोठी हानि होईल, सबब यांत हात घालतां येत नाहीं, असा त्याचा आशय. मुलाविषयीं वांकडा शब्द नाहीं. काळजी आहे ती शाळेची! दार लावणारा मनुष्य दुष्टच असावयाचा, अशी आपली एक सोयीची समजूत असते. हा नकार सभ्य व सुशिक्षित अधिकाऱ्यांनीं न्यायाची पुरी जाणीव ठेवून लिहिला आहे.

विलायतेंतील कंपनीच्या डायरेक्टरांनीं १८५८ सालीं सरकारी शाळा सर्व वर्गांस खुल्या असल्याचें बजावलें. त्यावर मुंबई सरकारनें पळवाट ठेविली ती अशी कीं, ज्या शाळांचा कांहीं खर्च स्थानिक लोक देतात व त्यांची हरकत आहे, तेथें खालच्या जातींचीं मुलें घालण्याचा आपला मानस नाहीं. वर्गणीदार आधीं, विद्यार्थी मागून. ह्याचें फळ काय झालें तें जोतीराव फुले यांनीं १८८२ सालीं हंटर कमिशनला सादर केलेल्या निवेदनांत दिसतें: पुण्यांत ह्या वर्गांची वस्ती पांच हजारांवर, त्यांच्यासाठीं शाळा एक, आणि तींत हजर मुलें तीसहि नाहींत. कमिशननें प्रवेशाचें तत्त्व पुनः मान्य केलें, पण तें सावधपणें अंमलांत आणावें असेंहि सुचविलें.

दार उघडलें तरी प्रश्न सुटत नसे. डॉ. आंबेडकर शाळेंत जात तेव्हां बसावयाचें गोणपाट घरून नेत व परत आणीत. तहान लागली तर नळाला स्वतः हात लावण्याची सोय नव्हती, शिपाई असेल तरच पाणी. हजेरीपटांत नांव, आणि बैठक मात्र निराळी. कोल्हापुरांत शाहू महाराजांनीं १९१७ सालीं प्राथमिक शिक्षण सक्तीचें केलें आणि १९१९ त अस्पृश्यांच्या निराळ्या शाळा बंद करून त्या मुलांस सर्वांच्या शाळेंत बसविण्याचा हुकूम काढला. निराळ्या शाळा ही दया नव्हे, हें त्यांनीं ओळखलें होतें. इलाख्याच्या कायदे कौन्सिलांत बोले यांचा सार्वजनिक जागा व शाळा खुल्या करण्याचा ठराव यावयास १९२३ साल उजाडलें.

हें सारें आतां जुनें झालें असें म्हणावें, तर २००९ चा शिक्षणहक्काचा कायदा आड येतो. खाजगी विनाअनुदानित शाळांनीं पहिल्या वर्गांतील निदान चतुर्थांश जागा दुर्बल व वंचित घटकांच्या मुलांना द्याव्या आणि त्यांची भरपाई सरकारनें करावी, असें तो म्हणतो. अल्पसंख्याकांच्या विनाअनुदानित शाळा वगळून सर्वोच्च न्यायालयानें २०१२ सालीं तें उचलूनहि धरलें. केंद्राच्या २०१० च्या नमुना नियमांत तर असें घालावें लागलें कीं, ह्या मुलांना वर्गांत वेगळें बसवूं नये, त्यांचे वर्ग निराळ्या ठिकाणीं वा निराळ्या वेळीं भरवूं नयेत. गोणपाटाची आठवण राहिल्यावांचून असें कलम कोणी लिहीत नाहीं.

महाराष्ट्रांत ९ फेब्रुवारी २०२४ ला नियम बदलला. एका किलोमीटरच्या आंत सरकारी वा अनुदानित शाळा असल्यास खाजगी शाळेवर हा भार नको, असें ठरलें. मे महिन्यांत मुंबई उच्च न्यायालयानें त्यास स्थगिति दिली व १९ जुलैला तो रद्द केला. १८५६ चा व हा प्रकार एका मापानें मोजणें अन्यायाचें होईल. येथें मुलास शाळा नाकारलेली नव्हती, जवळच दुसरी दाखविली होती. पण ‘तुला शिकण्याचा हक्क आहे, मात्र ह्या वर्गांत नव्हे’ हें वाक्य आम्हांस ओळखीचें वाटतें. सरकारकडून भरपाई थकते, ही शाळांची तक्रार खरी आहे. तें देणें सरकारचें आहे; मुलाच्या जागेंतून त्याची वसुली कां व्हावी, हें आम्हांस कळत नाहीं.

शिवाय ह्या कायद्याची मजल आठवीपर्यंतच आहे. आठ वर्षें ज्या वर्गमित्रांबरोबर मूल एका बांकावर बसलें, त्यांच्यासह नववींत जावयाचें तर फी भरावयाची ती बापानें. रिक्षा चालविणारा किंवा घरकाम करणारी हे पालक त्या वर्षीं दाखला काढून नेतात कीं कर्ज काढतात, याची चौकशी शाळेनें करावी असें कायद्यांत कोठेंहि लिहिलेलें नाहीं.