जात्यावरचा श्वास

चऱ्होली बुद्रुकच्या जुन्या घरांत बाळंतिणीनं केव्हा काय करायचं ते ठरलेलं असायचं, फक्त त्याला व्यायाम म्हणायची पद्धत नव्हती. माझ्या आजेसासूबाई सांगायच्या: बारा दिवस बाजेखाली शेगडी, पोटाला जुन्या लुगड्याचा पट्टा, अंगाला सुईणीच्या हातचं तेल. बारसं झालं की बसल्या बसल्या धान्य निवडायचं, मग सूप हातात घ्यायचं. सव्वा महिन्यानं गावच्या वाघेश्वराचं दर्शन झालं की घरकाम हळूहळू अंगावर यायचं, आणि जातं सगळ्यात शेवटी. मी फिजिओथेरपिस्ट आहे, गावात नव्या आयांचा वर्ग घेते. हा क्रम मला आजही मोलाचा वाटतो. कोंदट खोलीतला धूर, करकचून आवळलेलं पोट आणि बाळंतिणीला पाणी बेतानं देण्याची रीत मात्र मी कुणालाही सांगणार नाही.

जात्याबद्दल जरा सविस्तर सांगायला हवं. बाई एक पाय पसरून, दुसरा दुमडून बसते. तान्हं मांडीवर. खुंटा फिरतो तसं कमरेपासूनचं अंग पुढे झुकतं, वळतं, मागे येतं आणि पोटाच्या स्नायूंना काम पडतं. गरोदरपणात हेच स्नायू ताणले गेलेले असतात, पुष्कळजणींच्या त्या स्नायूंत मधोमध फट पडलेली असते. अशा वेळी श्वास कोंडून जोर लावला की पोटातला दाब खाली उतरतो आणि ओटीपोटाच्या तळाचे सैल झालेले स्नायू आणखी ताणले जातात. दळणारी बाई श्वास कोंडून धरूच शकत नव्हती, कारण तिच्या तोंडात ओवी असायची. गायचं तर श्वास सोडावाच लागतो. बायकांनी हे ठरवून केलं असं मी म्हणणार नाही. पण जड कामाला आवाजाची जोड द्यायची त्यांची रीत शरीराला मानवणारी होती, एवढं मी माझ्या विद्येच्या आधारावर सांगू शकते. अभ्यासक हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ यांनी खेडोपाडी फिरून या ओव्या जमवल्या. एक लाखाच्या वर भरल्या. त्यात माहेर, भाऊ, लेकरू, विठ्ठल सगळं आहे, आणि मला त्यात दळणाऱ्या बाईचा श्वासही ऐकू येतो.

साताऱ्याकडच्या औंध संस्थानात तिथले राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी श्रमाला आवाजाची हीच जोड दुसऱ्या वाटेनं आणली. सूर्यनमस्कार त्यांनी शाळांमध्ये नेले, बायकांनीही घालावेत असा आग्रह धरला, आणि प्रत्येक नमस्काराला बीजमंत्राचा उच्चार मोठ्यानं व्हावा यावर त्यांचा भर होता. 1938 साली त्यांचं ‘द टेन-पॉइंट वे टू हेल्थ’ लंडनमध्ये छापलं गेलं. त्याच दशकात, त्याच शहरात, सेंट थॉमस रुग्णालयातल्या मिनी रँडेल आणि नर्तकी मार्गारेट मॉरिस बाळंतिणींसाठी व्यायाम बसवत होत्या. ओटीपोटाच्या तळाचे स्नायू आवळण्याचा व्यायाम डॉ. अर्नोल्ड केगेल यांनी 1948 साली मांडला.

आजेसासूबाई सांगायच्या तो विसाव्याचा सव्वा महिना सगळ्यांच्या वाट्याला मात्र आला नाही, आणि हे लिहिल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही. इंद्रायणीकाठच्या शेतांत रोजानं राबणारी बाई पंधरा-वीस दिवसांत खुरपं हातात घ्यायची. झाडाच्या फांदीला झोळी, झोळीत लेकरू. डोक्यावर ओझं, कमरेत वाकणं, विहिरीचं पाणी शेंदणं. त्यातल्या कितीतरी जणी म्हातारपणी ‘अंग बाहेर येतं’ (गर्भाशय खाली उतरतं) म्हणून दबक्या आवाजात सांगतात. डॉक्टरकडे जायची लाज, आणि दुखणं तीस-तीस वर्षांचं. जिच्या अंगावर काम सगळ्यात जास्त, तिलाच विसावा सगळ्यात कमी मिळाला.

पुढे पिठाची गिरणी आली आणि जातं लग्नातल्या हळदीपुरतं उरलं. 1997 साली गाव पिंपरी-चिंचवड महापालिकेत गेलं, मळ्यांच्या जागी टोलेजंग सोसायट्या उभ्या राहिल्या. कायद्यातली बाळंतपणाची रजा 1961 च्या बारा आठवड्यांवरून 2017 मध्ये सव्वीसवर गेली, पण चाकण-भोसरीच्या कंत्राटी कामगार बाईला ती मागतानाही नोकरीची धास्ती असते. माझ्या वर्गात येणाऱ्या बहुतेकींच्या घरी सासू नाही, आई गावाकडे. तेल लावणारी बाई पैसे देऊन मिळते, पट्टा औषधाच्या दुकानात मिळतो. कशानंतर काय करायचं हे सांगणारं माणूस तेवढं घरात नसतं. मग महिन्याभरात मोबाइलवर बघून सिट-अप्स सुरू होतात, बाळाला डोक्यावर उचलून.

मी आधी उताणं झोपवून मान उचलायला लावते आणि बेंबीच्या वर बोटं ठेवून फट पाहते. दोन बोटांहून जास्त असेल तर सिट-अप्स बंद. बाळ मान धरेपर्यंत त्याला उचलून व्यायाम नाही; तोवर त्याला शेजारी चटईवर ठेवायचं, नाहीतर छातीशी धरून चालायचं. व्यायाम करताना आकडे सगळ्यांनी मोठ्यानं म्हणायचे, म्हणजे श्वास कोंडला जात नाही. परवा एकजण म्हणाली, ‘ताई, आकड्यांऐवजी गाणं म्हटलं तर चालेल ना?’ मी म्हटलं, ‘चालेल काय, उत्तमच.’ रक्तस्राव वाढला, खाली जडपणा वाटला, लघवी सुटली तर तिथंच थांबायचं. सिझेरियन झालेल्यांनी साधारण सहा आठवडे, आणि डॉक्टरांनी तपासून हो म्हणेपर्यंत, बाळाहून जड काही उचलायचं नाही. भरलेली बादली घरातल्या दुसऱ्या माणसानं उचलायची. हे मी नवऱ्यांना समोर बसवून सांगते.