मतदानाआधीचा हंगाम: निवडणुकीतील पैशाच्या अभ्यासाची प्रस्तावना

निवडणुकीतला पैसा म्हटलं की डोळ्यांसमोर पाकीट येतं. मतदानाच्या आदल्या रात्री गल्लीत शिरणारं, घरातली मतं मोजून हातात पडणारं. मराठीने त्याला लक्ष्मीदर्शन असं सोज्वळ नाव दिलं आहे. ऑक्टोबर २०१४ मध्ये निलंग्याच्या सभेत नितीन गडकरींनी याच लक्ष्मीचा उल्लेख केला आणि निवडणूक आयोगाची नोटीस ओढवून घेतली. लाखाला पेटी, कोटीला खोका. ढाब्यावरच्या जेवणाचं कुपन, बूथखर्च, माघारीचा हिशेब. आपला शब्दसंग्रह या बाबतीत अगदी भरलेला आहे. पण हे शब्द पुन्हा वाचून पाहा. जवळजवळ सगळे पैसा वाटण्याचे किंवा मोजण्याचे आहेत. तो उभा कसा राहतो, याला आपण ‘रसद’ म्हणतो आणि तिथे थांबतो.

या विषयाच्या उंबरठ्यावर उभ्या असलेल्या वाचकाला मी सांगेन, की पाकिटामागे धावू नका. ते दिसतं म्हणून मोहात पाडतं. त्यातून हाती लागते ती बहुधा ऐकीव रक्कम, आणि दर निवडणुकीला ती ऐकीव रक्कम वाढत जाते. खरा अभ्यास पाकीट भरण्याआधीच्या महिन्यांत दडलेला असतो. सोलापूर जिल्ह्यात ते महिने उसाच्या हंगामाला खेटून येतात. २००४, २००९, २०१४, २०१९ या चारही विधानसभांचं मतदान ऑक्टोबरात झालं आणि २०२४ चं २० नोव्हेंबरला. म्हणजे गाळप सुरू होण्याच्या तोंडावर. लोकसभेचं मतदान येतं एप्रिल-मे महिन्यांत, धुराडी थंडावलेली आणि शेवटची बिलं निघायची बाकी असताना. २०२४ मध्ये सोलापूर आणि माढा दोन्हीकडे ७ मे रोजी मतदान झालं. निवडणुकीचं वेळापत्रक कुणी साखरेकडे पाहून ठरवत नाही, हे खरं. पण तीसहून अधिक साखर कारखाने असलेल्या जिल्ह्यात कारखान्याचा अध्यक्ष आणि उमेदवार ही अनेकदा एकच व्यक्ती असते, आणि तेव्हा दोन वेळापत्रकं एकाच खिशात येतात.

या क्षेत्रातला माझ्या मते सर्वांत सुंदर शोधनिबंध इथेच जन्मतो. संदीप सुखटणकर या अर्थशास्त्रज्ञाने महाराष्ट्रातल्या सहकारी साखर कारखान्यांचा अभ्यास करून तो २०१२ मध्ये प्रसिद्ध केला. प्रश्न साधा होता: ज्या कारखान्याचा अध्यक्ष विधानसभेला किंवा लोकसभेला उभा राहतो, तिथे निवडणुकीच्या वर्षी शेतकऱ्याला उसाचा दर किती मिळतो? उत्तर आलं, कमी. त्याच कारखान्यात इतर वर्षी दर असा घसरत नाही आणि अध्यक्ष राजकारणात नसलेल्या कारखान्यांत निवडणुकीच्या वर्षीही तशी घसरण दिसत नाही. कुणाची कबुली घ्यावी लागली नाही, छुपा कॅमेरा लावावा लागला नाही. दराचे आकडे आणि निवडणुकांची वर्षं शेजारी ठेवली, इतकंच.

इथे घाईने ‘चोरी’ म्हणून मोकळं होण्याचा मोह होतो. निबंधातही अपहार हाच शब्द आहे, आणि पुरावा त्याच दिशेने बोट दाखवतो. पण त्याच निबंधात आणखी एक शक्यता मांडली आहे, आणि मला ती अधिक विचार करायला लावते: अध्यक्ष निवडून आला तर पुढे तो शेतकऱ्यांना भरपाईही करून देत असावा. सभासद गप्प का बसतात, याचं हे एक उत्तर असू शकतं. कारखान्याकडून पहिली उचल घेणाऱ्या शेतकऱ्याने जणू इथे कारखान्याला उचल दिली. हिशेब नंतर, आपला माणूस मुंबईला पोचल्यावर. ही लूट, ही वर्गणी, की ही गुंतवणूक? तिन्ही असू शकते आणि एकाच गावात तिघांना ती तीन वेगळ्या गोष्टी वाटू शकते. एक मात्र ध्यानात ठेवा. हे निष्कर्ष अनेक कारखान्यांच्या सरासरीचे आहेत. त्यावरून अमुक कारखान्याच्या अमुक अध्यक्षाकडे बोट दाखवणं हा अभ्यास नव्हे, ती पारावरची चर्चा झाली. पारावरची चर्चाही मला आवडते, पण तिची जागा वेगळी.

मागच्या दाराने पैसा मोजण्याची ही युक्ती इतरांनीही वापरली आहे. देवेश कपूर आणि मिलन वैष्णव यांनी सिमेंटचा खप पाहिला. निवडणुकीच्या सुमारास तो घसरतो, कारण बिल्डरांकडची रोकड बांधकामातून राजकारणाकडे वळते, असं त्यांचं अनुमान. ऊस, सिमेंट, उद्या कुणी वाळू घेईल.

पाकिटाकडे अगदीच पाठ फिरवू नये म्हणून मुंबईतली दोन कामं वाचा. लिसा ब्यॉर्कमन यांनी महापालिका निवडणुकीतल्या रोख पैशाचा माग काढून दाखवलं, की पैसे देणं म्हणजे मत विकत घेणं असा सरळ सौदा तिथे नसतो. त्या पैशातून ओळखी, नाती, उमेदवाराची ऐपत असं बरंच काही व्यक्त होत असतं. सिमॉन शोशार यांना असे उमेदवार दिसले ज्यांना स्वतःच्याच वाटपावर भरवसा नव्हता. मधला माणूस पैसे खाईल हे ठाऊक, मतदार दोघांकडून घेईल हेही ठाऊक; तरी समोरचा वाटतोय म्हणून हाही वाटतो. लग्नात शेजाऱ्यापेक्षा एक ताट कमी पडलं तर काय म्हणतील, अशी ती धास्ती.

आता कायदा. हा भाग रूक्ष आहे आणि तो मी थोडक्यात उरकणार आहे. पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत लोकसभेच्या एकसदस्यीय मतदारसंघात उमेदवाराला २५ हजार रुपये खर्चता येत होते. २०२२ पासून महाराष्ट्रासारख्या मोठ्या राज्यांत ही मर्यादा लोकसभेला ९५ लाख आणि विधानसभेला ४० लाख आहे. पक्षाच्या खर्चाला मर्यादाच नाही. १९७४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने उमेदवारासाठी पक्षाने केलेला खर्च त्याच्या खात्यात धरायला सांगितला, तर सरकारने आधी वटहुकूम आणि मग कायदादुरुस्ती करून ती खिडकी बंद केली. कंपन्यांच्या देणग्यांबाबत पहिला मोठा इशारा मात्र आपल्याकडचाच. १९५७ मध्ये टाटा आयर्न अँड स्टीलला राजकीय पक्षांना देणगी देता यावी म्हणून आपल्या घटनापत्रात बदल हवा होता. मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती एम. सी. छागला यांनी कायद्याच्या चौकटीत परवानगी दिली, पण असल्या पैशाने लोकशाहीचा गळा आवळला जाऊ शकतो असं बजावून संसदेला लक्ष घालायला सांगितलं. पुढे १९६९ मध्ये या देणग्यांवर बंदी आली, १९८५ मध्ये ती उठली, २०१८ मध्ये देणगीदाराचं नाव झाकणारे निवडणूक रोखे आले आणि १५ फेब्रुवारी २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाने ते घटनाबाह्य ठरवले. छागलांच्या निकालाकडे परत परत जावं लागतं ते यासाठी.

कायद्यातला एक कागद मात्र नव्या अभ्यासकाने आवर्जून मिळवावा: जिल्हा निवडणूक कार्यालयाचं दरपत्रक. चहा, नाश्ता, खुर्ची, मंडप, ढोलपथक, जीप, फेटा, प्रत्येकाचा दर त्यात ठरलेला असतो. उमेदवाराच्या रोजच्या खर्चवहीशेजारी आयोगाची माणसं स्वतःची वही ठेवतात आणि दोन्हींचा ताळा घेतात. निकालानंतर ३० दिवसांत हिशेब सादर करायचा असतो, आणि सादर झालेले हिशेब मर्यादेच्या बरेच खाली असतात. सभेला आलेली माणसं आणि वहीतल्या खुर्च्या यांचं प्रमाण जुळवण्यात एखाद्या विद्यार्थ्याचं अख्खं सत्र मजेत जाईल. सोलापूर शहरात त्याला आणखी एक जिन्नस मोजावा लागेल: मराठी, तेलुगू, कन्नड आणि उर्दू बोलणाऱ्या वस्त्यांत फिरायचं तर वक्तेही वेगवेगळे लागतात.

पैसाच सगळं ठरवतो, असं मानून या क्षेत्रात येणाऱ्यांना हा जिल्हा चकवतो. १९५२ मध्ये सोलापूरच्या द्विसदस्यीय मतदारसंघातून निवडून आले शेतकरी कामगार पक्षाचे शंकरराव मोरे आणि शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनचे पां. ना. राजभोज. सत्ताधारी काँग्रेसपुढे या दोन्ही पक्षांची थैली ती केवढी! सांगोल्यातून शेकापचेच गणपतराव देशमुख ११ वेळा आमदार झाले. एसटीने प्रवास करणारा आमदार अशी त्यांची ख्याती. पण त्यांना निव्वळ अपवाद म्हणून हार घालून बाजूला ठेवू नका. सूतगिरणी, पक्षाचे गावोगावचे कार्यकर्ते, पाण्याच्या लढ्यात दशकानुदशकं बांधलेली माणसं हेही भांडवलच. ते रोखीत मोजता येत नाही एवढंच. शहरात विडी आणि यंत्रमाग कामगारांच्या बळावर नरसय्या आडम तीनदा आमदार झाले, आणि अनेकदा हरलेही. त्या हरण्यात पैशाचा वाटा किती आणि बदललेल्या शहराचा किती, हे वेगळं काढणं अवघड आहे. गिरण्या बंद पडल्या तेव्हा फाटकाबाहेरची सभा गेली, आणि जी सभा पूर्वी भोंगा झाल्यावर आपोआप भरायची ती आता गाड्या पाठवून भरवावी लागते. खर्च वाढण्याची कारणं शोधताना भ्रष्टाचाराआधी या रिकाम्या फाटकांकडेही पाहावं.

एक अडचण कबूल करायला हवी. सुखटणकरांची मोजपट्टी सहकारी कारखान्यासाठी होती, जिथे शेतकरी सभासद असतो आणि नफा दराच्या रूपाने त्याच्याकडे येणं अपेक्षित असतं. त्यानंतर जिल्ह्यात खासगी कारखाने झपाट्याने वाढले. २००९ पासून केंद्राची एफआरपी हा किमान दर आहे आणि ती १४ दिवसांत द्यायची असते. आता निवडणुकीची चाहूल दराऐवजी बिलाच्या विलंबात दिसेल का? कर्जात? वजनकाट्यावर? या प्रश्नांसाठी परदेशी विद्यापीठात जावं लागत नाही. ज्याच्या घरात ऊस आहे त्याच्या पत्र्याच्या पेटीत पंधरा-वीस हंगामांची ऊसबिलं रबर लावून ठेवलेली सापडतील. ती काढा, वर्षवार लावा, दर टिपा, बिल कोणत्या तारखेला हातात पडलं ते टिपा. मग उजवीकडच्या कपातींच्या रकान्यात या: शेअर्स, ठेव, भागविकास निधी. कोणती कपात कोणत्या वर्षी सुरू झाली आणि कोणती पुढे परत मिळाली, एवढं घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारून समासात लिहा.