ट्रँपोलीन

उसळी घेऊन अधांतरी कसरती करण्याचे एक साधन व त्यावर आधारलेला क्रीडाप्रकार. पोलादी चौकट, तीत ताणून बसविलेले मजबूत विणीचे कापड आणि ते चौकटीस चोहोबाजूंनी जोडणाऱ्या स्प्रिंगा हे त्याचे मुख्य भाग होत. खेळाडू वरून आदळला की स्प्रिंगा ताणल्या जातात व पूर्ववत होताना त्यास वर फेकतात. हे साधन विसाव्या शतकातले. त्याचे नाव मात्र बरेच जुने असून मुळात ते वेगळ्याच वस्तूचे होते.

इटालियन भाषेत ‘त्रांपोली’ म्हणजे पायांना बांधून चालावयाच्या उंच काठ्या. त्यापासून ‘त्रांपोलिनो’ हा उडी घेण्याच्या लवचीक फळीचा वाचक शब्द झाला. त्याचे मूळ जर्मानिक असून पाय आपटणे, तुडविणे या अर्थाचे जर्मन ‘ट्रांपेल्न’ व इंग्रजी ‘ट्रँपल’ हे शब्द त्याच कुळातील होत. इटालियनमधून तो स्पॅनिशमध्ये ‘त्रांपोलिन’, तर फ्रेंचमध्ये ‘त्रांप्लँ’ या रूपाने गेला. इंग्रजीत तो १७९८ पासून आढळतो. या सर्व भाषांत त्याचा संबंध फळीशी होता, ताणलेल्या कापडाशी नव्हे.

‘द्यू ट्रँपोलीन’ नावाच्या एका फ्रेंच कसरतपटूने सर्कशीतील सुरक्षा-जाळ्याचा उसळीसाठी उपयोग केला व त्याचेच नाव साधनास पडले, अशी एक कथा सांगितली जाते. कथा रंजक आहे. पण शब्दाचा वरील प्रवास पाहता तिची गरज उरत नाही, आणि अशा व्यक्तीचा विश्वसनीय पुरावाही मिळत नाही. अलास्कातील इन्यूपिआक लोक देवमाशाच्या शिकारीनंतरच्या उत्सवात शिवलेली कातडी अनेकांनी धरून तीवरून माणसास उंच उडवितात. स्पॅनिश चित्रकार गोया याच्या १७९१–९२ मधील ‘एल पेलेले’ या चित्रात चार स्त्रिया चादरीवरून गवताचा पुतळा उडविताना दिसतात. यांना ट्रँपोलीनचे पूर्वज मानण्याची प्रथा आहे. तथापि येथे बळ धरणाऱ्यांच्या हातांचे असते, तर ट्रँपोलीनवर खेळाडू एकटाच स्वतःच्या पडण्याचा उपयोग करून घेतो. हा भेद मूलभूत होय.

आधुनिक साधनाचे श्रेय जॉर्ज निसन (१९१४–२०१०) व लॅरी ग्रिस्वोल्ड या अमेरिकनांकडे जाते. झुल्यावरील कसरतपटू खेळाच्या शेवटी जाळ्यात पडून पुन्हा उसळतात, हे निसनने मुलपणी सर्कशीत पाहिले होते. ही उसळी थांबू न देता चालू ठेवता आली तर, या विचारातून त्याने घरच्या मोटारखान्यात कॅन्‌व्हसचे एक ओबडधोबड साधन जुळविले. पुढे आयोवा विद्यापीठात असताना १९३० नंतरच्या दशकाच्या मध्यास त्याने ग्रिस्वोल्डसह त्यास पक्के रूप दिले. १९३७ मध्ये कसरतींचे प्रयोग करीत मेक्सिकोत फिरत असता पाण्यात सूर मारण्याच्या फळीचे ‘त्रांपोलिन’ हे स्पॅनिश नाव त्याच्या कानी पडले. ते आवडून त्याने शेवटी ‘ई’ हे अक्षर जोडले व व्यापारचिन्ह म्हणून नोंदविले. इंग्रजीत हा शब्द आधीच होता, हे येथे ध्यानात घेण्याजोगे आहे. १९४२ मध्ये दोघांनी साधननिर्मितीची कंपनी काढली.

व्यापारचिन्हाच्या बंधनामुळे अमेरिकेतील स्पर्धांना प्रारंभी ‘उसळत्या कोलांटउड्या’ अशा अर्थाचे इंग्रजी नाव वापरावे लागे. परंतु लोकांच्या तोंडी ‘ट्रँपोलीन’ हेच राहिले आणि कालांतराने ते कोणाच्याही मालकीचे न राहता सामान्यनाम बनले. स्पॅनिशमध्ये मात्र ‘त्रांपोलिन’ हा शब्द पूर्वीच्या फळीसही चालतो; म्हणून नव्या साधनास तेथे ‘कामा एलास्तिका’ म्हणजे लवचीक खाट असेही म्हणतात.

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने वैमानिकांना अधांतरी तोल व दिशा यांचे भान यावे म्हणून या साधनाचा उपयोग केला. निसन हा कुशल प्रसिद्धिकारही होता. १९६० मध्ये न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमध्ये त्याने एका कांगारूसमवेत उड्या मारून छायाचित्र काढविले. त्याच सुमारास अमेरिकेत पैसे घेऊन उड्या मारू देणारी केंद्रे ठिकठिकाणी निघाली. पण देखरेखीविना अपघात होऊ लागल्याने ती लवकरच बंद पडली. मान व मणका यांच्या दुखापतींमुळे तेथील बालरोगतज्ञांच्या संघटनेने १९७७ मध्ये शाळांतून, तर १९९९ मध्ये घरगुती वापरातूनही हे साधन वगळावे, अशी शिफारस केली. एकाच वेळी अनेक मुलांनी उड्या मारणे विशेष धोक्याचे असते. कारण एकाच्या उसळीचा जोर अवचित दुसऱ्यावर येतो.

पहिली जागतिक अजिंक्यपद स्पर्धा १९६४ मध्ये लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये झाली. स्पर्धेतील कापड सु. ४·२८ मी. लांब व २·१४ मी. रुंद असते आणि खेळाडूस सलग दहा कसरती कराव्या लागतात. त्यांची काठिण्यपातळी व सफाई यांबरोबरच हवेत राहण्याचा कालावधीही आता गुणांत धरतात. सिडनी येथील २००० च्या ऑलिंपिक सामन्यांत या खेळास प्रथम स्थान मिळाले व पुरुष आणि स्त्रिया या दोन्ही विभागांतील सुवर्णपदके रशियाच्या अलेक्सांद्र मोस्कालेंको व इरीना कारावायेवा यांनी मिळविली. निसन त्यावेळी प्रेक्षकांत उपस्थित होता.